मामूंनी कमी दिलं: ऑक्टाव्हियाचा रिमॅप, चिकलठाण्याच्या बिनपाटीच्या शेडमधून

माझा धंदा पाणबुडी मोटरींचा. जालन्यात दुकान आहे. नव्या विकतो, जळालेल्या भरून देतो. आठवड्यातून एक तरी गिऱ्हाईक असं येतंच, की बोअरला पाणी दीड इंच आणि मागणी साडेसात एचपीची. मी सांगतो, दादा, मोटर मोठी टाकली म्हणून जमिनीत पाणी वाढत नसतं, कोरडी चालेल, वाइंडिंग जळेल. तो मान डोलावतो आणि शेजारच्या दुकानातून साडेसातची घेऊन जातो. चार महिन्यांनी तीच मोटर भरायला माझ्याकडे येते. एवढं सगळं कळत असून गाडीच्या रिमॅपच्या बाबतीत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल (तिलाच मॅप म्हणतात) बदलून ताकद वाढवण्याच्या बाबतीत, मी स्वतःच तो गिऱ्हाईक झालो. हे आधीच कबूल करतो.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया, १.८ टीएसआय, ऑटोमॅटिक, २०१५ चं मॉडेल. २०२१ मध्ये जुनी घेतली. आपल्या शेंद्र्याच्याच कारखान्यात जुळलेली. जालना रोडने करमाड सोडून पुढं निघालो, की माझा धाकटा अजूनही म्हणतो, "पप्पा, गाडीचं माहेर आलं."

कागदावर या इंजिनाची ताकद १८० पीएस (पीएस म्हणजे जवळपास एचपीच) आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, २५० न्यूटन मीटर. आता गंमत बघा. हा २५० चा टॉर्क १२५० आरपीएमला (मिनिटाला फेरे) मिळतो आणि थेट ५००० पर्यंत तसाच राहतो. आलेख काढला तर फूटपट्टीने ओढल्यासारखी सपाट रेघ. आमच्या धंद्यात अशी रेघ दिसली की समजायचं, मशीन दमलेलं नाही, कुणीतरी हात धरलाय. आणि धरलाच आहे. हेच १.८ चं इंजिन सुपर्बमध्ये हाताच्या गिअरसोबत आलं तेव्हा कंपनीने त्याला ३२० न्यूटन मीटर दिले होते. माझ्या गाडीत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, कोरड्या (तेलात न बुडालेल्या) क्लचचा, आणि त्या गिअरबॉक्सची ऐपतच २५० ची. इंजिनाला पाणी आहे, पाइप बारीक आहे. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच डोक्यात होतं, की आत ताकद दडलीय आणि लॅपटॉप लावला की ती बाहेर येते.

एप्रिल २०२४ मध्ये एक लॅपटॉपवाला घरी आला. नाव-गाव सांगत नाही. रविवारची सकाळ, ४० मिनिटांचं काम, १२ हजार रुपये. "स्टेज वन. २४० एचपी, ३७० टॉर्क." स्टेज वन म्हणजे पार्ट न बदलता नुसती फाइल बदलून ताकद वाढवणं. बायकोने चहा केला, त्याने वायर लावली, चहा संपायच्या आत गाडी बदलली. खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस मी नुसता हवेत होतो. बदनापूरला टोमॅटो आणायला जायचो. जालन्यात टोमॅटो मिळत नाहीत असं नाही.

मग मे लागला.

परभणीला सासुरवाडी. दुपारी दोनला निघालो, चौघंजण, डिकीत आंब्याची पेटी, एसी फुल्ल. ऊन त्रेचाळीसच्या घरात. वाटूर फाटा ओलांडून मंठ्याच्या बाजूला एका ट्रकला मागं टाकायला पाय दाबला, आणि इंजिनातून असा आवाज आला, जसा कुणी पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवतंय. दुसऱ्यांदा दाबला तर डॅशबोर्डवर ईपीसीचा, म्हणजे इंजिनाच्या बिघाडाचा, पिवळा दिवा, आणि गाडीने मानच टाकली. पुढं परभणीपर्यंत साठच्या स्पीडने. ज्या ट्रकला मागं टाकलं होतं तो हॉर्न वाजवत पुढं गेला. सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, गाडी एवढी हळू?" म्हटलं, लेकरांना मळमळत होतं.

लॅपटॉपवाल्याला फोन केला तर म्हणाला, चांगलं पेट्रोल टाका. नंतर फोन उचलणंच बंद.

सहा महिने गाडी तशीच जपून चालवली. डिसेंबरात आमच्या बॅटरीवाल्याने संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या या शेडचा पत्ता दिला. शेडला पाटी नाही. आत एक रॅम्प, दोन गाड्यांची जागा, भिंतीवर मक्केचं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी विठोबाचं. दुसरं कुणा गिऱ्हाइकाने दिलेलं. हात काळे करणारे मामू, वय पन्नाशीच्या पुढं, आणि लॅपटॉप धरणारा त्यांचा भाचा, पॉलिटेक्निक झालेला पोरगा. मामू अस्सल दख्खनीत बोलतात, भाचा आपल्याशी मराठीत आणि मामूंशी दख्खनीत, आणि दोघं भांडतात तेव्हा तिसरीच कुठली तरी भाषा असते.

मी म्हटलं, दुसरा चांगला स्टेज वन मारून द्या. मामूंनी बॉनेटही उघडलं नाही. विचारलं, पेट्रोल कुठल्या पंपावर भरता, दिवसाला किती चालवता, गावात किती, हायवेला किती, मे महिन्यात दुपारी चालवता का. शेवटचा प्रश्न ऐकूनच मला वाटलं, माणूस बरोबर आहे. मग म्हणाले, "पैले बिमारी निकालते, ताकत की बात बाद में."

भाचा शेजारी बसला, वायर लावली आणि मला करमाडपर्यंत गाडी चालवायला लावली. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारापासून साडेपाच हजारापर्यंत, दोनदा. परत आल्यावर त्याने पडद्यावर दाखवलं ते सविस्तर लिहितो, कारण पैसे मी खरे याचेच दिले असं मला वाटतं.

पहिली गोष्ट हवेची. टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. म्हणून समोर इंटरकूलर असतो. १.८ चा टर्बो लहान. त्याच्याकडून त्याच्या मापापेक्षा जास्त दाब मागितला की तो हवा कमी भरतो आणि गरमच जास्त करतो. जुना मॅप जेवढा दाब मागत होता तेवढा साडेचार हजाराच्या वर येतच नव्हता. टर्बो नुसता ऊर फुटेस्तोवर धावत होता. हे डिसेंबरातल्या थंडीत. मे महिन्यात काय होत असेल ते मी मंठ्याला ऐकलंच होतं.

दुसरी गोष्ट ठिणगीची. गरम हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात, माझ्या डब्यातल्या गोट्या. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते ऐकतो आणि ठिणगी उशिरा पाडायला लागतो. भाच्याच्या पडद्यावर तिसऱ्या सिलिंडरला साडेसात अंशांनी ठिणगी मागं घेतलेली दिसत होती. म्हणजे वाढवलेली ताकद ईसीयू स्वतःच परत काढून घेत होता. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढायचं, आणि मधल्या मधे पिस्टनने मार खायचा.

तिसरी गोष्ट ऐकून मात्र मला घाम फुटला. इंजिन किती टॉर्क काढतंय हे ईसीयू गिअरबॉक्सला सतत सांगत असतो, आणि त्या हिशेबाने गिअरबॉक्स क्लच किती आवळायचा ते ठरवतो. जुन्या मॅपमध्ये तो आकडाच खोटा केलेला होता. इंजिन साडेतीनशेच्या वर काढतंय आणि गिअरबॉक्सला निरोप अडीचशेचा. मीटर बायपास करून तारेवर आकडा टाकल्यासारखं. बिल कमी दिसतं, डीपी जळते. इथं डीपी म्हणजे माझा क्लच.

मामू इतका वेळ बिडी ओढत बाहेर उभे होते. आत येऊन एवढंच म्हणाले, "नसीबवाले हो. क्लच अभी जिंदा है."

पुढचं काम पाच दिवस चाललं. सांगितले होते दोन. आधी गाडी कंपनीच्या मूळ फाइलवर आणली. चारही प्लग बदलले आणि गॅप ०.७ मिलिमीटरवर ठेवला. दाब वाढला की रुंद गॅपवर ठिणगी विझते, असं मामूंचं म्हणणं. दोन कॉइल बदलल्या. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमधून कूलंट पाझरत होतं, त्यावर गुलाबी पापुद्रे धरले होते. या इंजिनांचं हे जुनंच दुखणं, ते नवीन बसवलं. टर्बोकडून येणाऱ्या पाइपाची एक क्लिप ढिली, तिथं तेलाची ओल. क्लचची माप-जोख घेतली, जुळवणी नव्याने केली. या सगळ्याचे २३ हजार झाले आणि ताकद एक पीएसने वाढली नव्हती. तरी मूळ फाइलवर गाडी चालवून बघितली तर मला ती आधीपेक्षा मोकळी वाटली. तिथंच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो.

मग आकड्यांवरून वाद झाला. मला तो ३७० चा आकडा सोडवेना. भाच्याने कागद घेतला आणि हिशेब मांडला. टॉर्कला आरपीएमने गुणायचं, ७०२४ ने भागायचं, पीएस येतात. ३७० टॉर्क अडीच हजार आरपीएमवर घेतला तर ताकद होते १३२ पीएस. म्हणजे गाडी १३२ पीएसएवढीच ओढणार, पण तो झटका थेट क्लचच्या छातीवर. उलट २७५ टॉर्क ५५०० आरपीएमपर्यंत टिकवून धरला तर २१५ पीएस. क्लचला त्रास थोडा, पळायला भरपूर. "काका, खालून ढकलायचं नाही, वरून ओढायचं." मी वीस वर्षं मोटरी विकतोय. हा हिशेब मला पोराने शिकवावा लागला.

शेवटी ठरलं ते असं: खाली अडीच हजारापर्यंत जवळपास कंपनीचंच, २८०० पासून कमाल ३००, आणि वर जाता जाता २७५. गिअरबॉक्सला निरोप खरा द्यायचा. ३०० सुद्धा कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्तच आहे, आणि क्लच त्यामुळं थोडा लवकर जाईल हे मामूंनी तोंडावर सांगितलं. लपवलं नाही. सव्वातीनशे तरी करा म्हणून मी घासाघीस केली. मामू म्हणाले, "वो होता, पर यहाँ नक्को. पुना में करालो."

पेट्रोलचा मुद्दा यांनी जसा धरला तसा कुणी धरलेला मी ऐकला नाही. बहुतेक मॅप भारी, म्हणजे जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेले असतात (ऑक्टेन जास्त म्हणजे वेळेआधी भडकायची भीती कमी), ते मोठ्या शहरात ठीक. आपण जालना-परभणी-हिंगोली करणारी माणसं, रात्री नऊला टाकी रिकामी झाली की समोर जो पंप दिसेल त्यावर भरतो. त्यात आता इथेनॉल. अंबड-घनसावंगीकडं उसाचे एवढे फड उभे, त्या उसाचा रस आता टाकीत पण येणार. भाच्याचं म्हणणं, इथेनॉल नॉकिंगला उलट बरं, कारण त्याचा ऑक्टेन जास्त आणि ते उडताना हवा गार करतं. पण लिटरमागं त्यात पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच हवेला फवारा जास्त लागतो. फवारा वाढवायची गाडीतल्या पंपाची आणि इंजेक्टरची ऐपत मॅपनेच खाऊन टाकली तर मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन भाजतो. म्हणून त्याने मला टाकी जालन्याच्या माझ्या नेहमीच्या पंपावर भरून यायला सांगितलं, आणि त्या पेट्रोलवर मॅप बेतला. तीन वेळा फाइल बदलली, तीन वेळा करमाडपर्यंत गेलो. शेवटच्या फेरीत ठिणगी जास्तीत जास्त दीड अंशाने मागं येत होती.

आता निकाल. अँपिअर मोजायची सवय असलेला माणूस मी, त्यामुळं आकडे लिहून ठेवतो. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे आणि वर कॅमेरे, म्हणून माझी परीक्षा ८० ते १२० एवढीच, पहाटे, रस्ता मोकळा बघून, बायको शेजारी स्टॉपवॉच घेऊन. कंपनीच्या फाइलवर ५.६ सेकंद. लॅपटॉपवाल्याच्या मॅपवर थंडीत ४.६, आणि गरमीत सहाच्या वर, म्हणजे कंपनीपेक्षाही मंद. मामूंच्या मॅपवर थंडीत ४.८. त्यानंतरच्या मे महिन्यात तोच परभणीचा रस्ता, तीच दुपार, तेच चौघंजण, फक्त आंब्याच्या दोन पेट्या: घड्याळ लावलं नाही, पण मंठ्याच्या बाजूला ट्रकला मागं टाकलं आणि कान देऊन ऐकलं. काही नाही. एसीचा आवाज. दुसऱ्या दिवशी परत येताना बायको म्हणाली, आज का एवढा खूश?

मार्चमध्ये पुण्याला मेव्हण्याकडे गेलो होतो तेव्हा गाडी डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजायच्या मशीनवर चढवली. चाकावर १८४ पीएस आले. इंजिनापासून चाकापर्यंत गळती धरली तर २१५ च्या आसपास बसतं. कागदावरचा हिशेब आणि रोलरवरचा आकडा इतका जुळलेला बघून मी भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: "मामूंना सांगू नका, भाव वाढवतील."

चालवायला कशी आहे? गावात काहीच फरक कळत नाही, आणि हे मी कौतुक म्हणून लिहितोय. जुन्या मॅपवर जालन्यात गांधी चमनच्या गर्दीत गाडी सशासारखी उड्या मारायची. आता साडेतीन हजाराच्या वर गेल्याशिवाय तिला काही केलंय हे समजत नाही. तिथून पुढं मात्र ती थकत नाही, तिसऱ्या गिअरमधला कंपनीचा तो साडेपाच हजाराजवळचा मरगळलेपणा गेलाय. ज्याला सीटला पाठ आपटल्याचं सुख हवंय त्याने इथं जाऊ नये. त्याला दहा जागा आहेत. ज्याला फॅक्टरीतूनच दणका हवा असेल त्याने २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस शोधावी. २ लिटरचं इंजिन, २३० पीएस, ३५० टॉर्क, आणि मुख्य म्हणजे तिचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा. कुणी विकायला काढली तर मला सांगा, मी घेणार नाही पण बघायला येईन.

तक्रारी आहेत. दोनाचे पाच दिवस हा त्यातला मोठा. मला रोज जालना-संभाजीनगर एसटी करावी लागली आणि फोन केला की "बस, शाम को". मॅपचं बिल साध्या कागदावर, त्यावर "सेटिंग" असा एकच शब्द आणि २८ हजार. कोणता पार्ट कोणत्या कंपनीचा हे मला तीनदा विचारावं लागलं. मूळ फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर मागितली तर दोन आठवडे "देतो काका". शेवटी दारात बसून घेतली. तुम्ही जाल तर पहिल्या दिवशीच मागा. बसायला जागा नाही, एक मोडकी रिक्षाची सीट आहे आणि तिच्यावर मांजर. आणि मॅपनंतर आठवड्याने दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना झटके यायला लागले. परत गेलो, त्याचे पैसे घेतले नाहीत, क्लचची जुळवणी पुन्हा करून दिली. पण पेट्रोल आणि अख्खा दिवस माझाच गेला. त्यांच्याकडे डायनो नाही हीसुद्धा उणीव आहे. रस्त्यावर घेतलेल्या लॅपटॉपच्या नोंदींवर काम भागतं, पण मुख्य रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये साडेपाच हजारापर्यंत गाडी ओढणं मला शेवटपर्यंत मनातून पटलं नाही.

मायलेज विचाराल तर हायवेला पूर्वीसारखंच, पंधराच्या आसपास. गावात अर्धा-पाऊण किलोमीटर कमी झालं, त्यात मॅपचा वाटा किती आणि माझ्या पायाचा किती, हे बायको जास्त चांगलं सांगेल.

सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून द्या म्हणून माझ्यासमोर एक पोरगा आला होता, फटाके वाजवायचे होते त्याला. मामूंनी त्याला गाडीतून उतरूही दिलं नाही. मला हे आवडलं. विम्याचं मात्र त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नाही, ते मी सांगतो: नूतनीकरणाच्या वेळी बदल लेखी कळवा. मी कळवला, हप्ता थोडा वाढला, रात्री झोप येते. नवी गाडी असेल आणि वॉरंटी चालू असेल तर वॉरंटी संपेपर्यंत या दिशेने फिरकूच नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बदललेली फाइल ओळखता येते.

शेडचं नाव विचारू नका, त्याला नावच नाही, आणि नंबर मामूंनी कुणाला द्यायचा नाही असं बजावलंय. चिकलठाण्यात कुठल्याही जुन्या स्पेअर पार्टवाल्याला "मामूंची शेड" म्हणा, तो हात करून दाखवेल. शुक्रवारी दुपारी बंद असते. टाकी तुमच्या गावच्या पंपावर भरून न्या, तिकडं जाऊन भरू नका. आणि जाताना मोसंब्या घेऊन जा, मांजराला उठवून तुम्हाला ती रिक्षाची सीट मिळते.